निसटलेला रॅचेट: ऊसपट्ट्यातल्या एका गॅरेजचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड शिकवतो. हे प्रकरण माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या गॅरेजमधलं आहे. त्याला विचारूनच लिहितो आहे. त्याचं नाव, गाव आणि त्याने घेतलेल्या अवजारांचे मेक मी गाळले आहेत. सांगली जिल्ह्यातलं, साखर कारखान्याच्या रस्त्यावरचं गाव, एवढं समजलं तरी पुरे.

दसऱ्याला त्याने गॅरेज उघडलं. पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, आणि हाताखाली 19 वर्षांचा एक पोरगा. कामं बहुतेक ट्रॅक्टरची, उसाच्या ट्रॉल्यांची आणि पिकअपची. गळीत हंगामात या कामाला वेळेचा फार जाच असतो. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकं वजन घटतं आणि साखरेचा उतारा कमी होतो. त्यामुळे भरलेली ट्रॉली रस्त्यात बसली की ट्रॉलीचा मालक, ड्रायव्हर आणि मुकादम तिघेही मेकॅनिकच्या डोक्यावर उभे राहतात.

भांडवल शेडमध्ये आणि कॉम्प्रेसरमध्ये संपलं. वडिलांच्या वेळचे रिंग पाने, पक्कड, हातोडे होते, पण 19 ची एक सुटी गोटी सोडली तर गोटी पाना, म्हणजे नटावर बसणाऱ्या गोट्या आणि त्या फिरवायचा दांडा, नव्हता. त्याने ऑनलाइन दोन सेट मागवले. एक पाव इंच चौकाचा (चौक म्हणजे गोटी जिच्यावर बसते ती दांड्याची चौकोनी खुंटी), 46 नगांचा, प्लास्टिकच्या पेटीतला, 640 रुपयांना. दुसरा अर्धा इंच चौकाचा, 24 नगांचा, 72 दातांच्या रॅचेटसह (रॅचेट म्हणजे एकाच दिशेने पकडणारा, उलट फिरवला की मोकळा फिरणारा दांडा), 1,650 रुपयांना. दोन्हींवर 'क्रोम व्हॅनेडियम' हे मिश्र पोलादाचं नाव कोरलेलं, दोन्ही आरशासारखे चकचकीत. त्याने मला फोटो पाठवला होता आणि मी "छान" असं उत्तर दिलं होतं. त्याबद्दल शेवटी लिहितो.

काय घडलं

डिसेंबरचा दुसरा आठवडा, रात्रीचे साडेआठ. एका ट्रॉलीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता आणि तो धरणाऱ्या यू-बोल्टचा 24 मिलिमीटरचा नट गंजून धरला होता. डिझेल सोडून झालं, हातोडीने ठोकून झालं. मग पोराने अर्धा इंची रॅचेटला 24 ची गोटी लावली, दांड्यावर अडीच फुटांचा पाईप चढवला आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून ओढलं.

कट् असा एकच आवाज झाला. नट हललाच नव्हता. रॅचेटच्या डोक्यातला कुत्ता, म्हणजे दातांना अडवणारा खटका, दातांवरून निसटला, पाईप मोकळा सुटला आणि पोराची मूठ चॅसिसच्या ब्रॅकेटवर आपटली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर हाड दिसेल इतकी जखम झाली. ग्रामीण रुग्णालयात चार टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. हाड मोडलं नव्हतं. पोरगा सतरा दिवस घरी होता. गॅरेजच्या मालकाने, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने, त्याचा पगार आणि औषधपाणी दोन्ही दिलं.

पहिले दोन निष्कर्ष

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजवर गेलो तेव्हा दोन मतं तयार होती. मालकाचं म्हणणं, "सर, माल हलका निघाला. सगळा सेट भंगारात देतो." शेजारच्या वेल्डिंगवाल्या काकांचं म्हणणं, "रॅचेटला पाईप लावतात का रे? अवजाराचा काय दोष?"

दोन्ही मतं मला अर्धीच पटली. रॅचेटला पाईप लावू नये हे मीच वर्गात शिकवतो. पण आकडे मांडून पाहिले तर चित्र वेगळं दिसतं. अडीच फूट म्हणजे साधारण 75 सेंटिमीटर. पोराने 50 किलोइतका जोर लावला असं धरलं, तर चौकावर सुमारे 370 न्यूटन-मीटरचा पीळ आला. अर्ध्या इंचाच्या रॅचेटला प्रमाणभूत चाचणीत 512 न्यूटन-मीटर सोसावे लागतात. म्हणजे त्या मापाला उतरलेला रॅचेट पाईप लावूनही त्या रात्री निसटायला नको होता. चूक वापरात होती, खोट अवजारातही होती, आणि कुठली किती हे रॅचेटचं डोकं उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

निर्णयाची पहिली जागा इथे आली. सेट भंगारात टाकला असता तर पुढचा सेटही असाच, चकाकी आणि किंमत बघून आला असता. मी त्याला म्हटलं, "टाकू नकोस. आधी उघडून बघू."

डोक्याच्या आत

मागची सर्कलिप (कव्हर अडवून धरणारी स्प्रिंगची कडी) काढून कव्हर उचललं. आत तीनच महत्त्वाचे भाग असतात: दातांचं चक्र, त्याला अडवणारा कुत्ता आणि कुत्त्याला दाबून धरणारी स्प्रिंग. हँडलवर लावलेला सगळा जोर त्या इवल्याशा कुत्त्याच्या दातांतून चौकात उतरतो. बाहेरचं क्रोम कितीही सुरेख असलं तरी माणसाची मूठ या एका भागाच्या भरवशावर असते.

पहिलं दिसलं ते ग्रीस. कारखान्यातून आलेलं, घट्ट, पिवळट, आणि त्यात रस्त्याची माती आणि उसाच्या पाचटाचा भुगा कालवलेला. असं ग्रीस थंडीत आणखी घट्ट होतं. मग स्प्रिंग कुत्त्याला दातांत पुरता बसवू शकत नाही आणि तो अर्ध्यावर टेकून राहतो. हा देखभालीचा भाग झाला. 'दोन महिन्यांच्या नव्या अवजाराला कसली देखभाल' असं वाटून कुणी बघितलं नव्हतं.

डिझेलने धुतल्यावर खरी गोष्ट समोर आली. 72 दात असले की प्रत्येक दात बारीक असतो. हे काही वाईट नाही, चांगल्या मेकमध्ये कुत्ता रुंद असतो आणि एका वेळी पुष्कळ दात धरतो. इथे कुत्ता अरुंद होता. भिंगातून पाहिलं तर त्याच्या पाचपैकी दोनच दातांवर घासल्याची चमक होती. बाकीचे तीन चक्राला टेकतच नव्हते. त्या दोन दातांची टोकं वळून चपटी झाली होती, तुटली नव्हती. पोलादाला पुरेसं पाणी चढवलं नव्हतं, म्हणजे तापवून-विझवून नीट कडक केलं नव्हतं, म्हणून टोकं वळली.

कानशीनेही एक गोष्ट दाखवली. मालकाने आधी गोटीच्या बाहेरून कानस फिरवली, ती घसरली, आणि तो म्हणाला, "कडक तर आहे, सर." क्रोमचा थर मुळातच कडक असतो, म्हणून बाहेरून घेतलेली ही परीक्षा फसवी ठरते. गोटीच्या तोंडाच्या कडेवरचं क्रोम घासून काढलं आणि आतल्या धातूवर कानस लावली, तेव्हा ती कचकचून धरली आणि बारीक भुसा पडला. वडिलांच्या जुन्या 19 च्या गोटीवर तीच कानस सरकत गेली.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या ओळखीचे एक हीट ट्रीटमेंटवाले आहेत. त्यांच्याकडे धातूचा कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनवर दोन्ही गोट्या तपासल्या. नवी 32, जुनी 43. हाताने वापरायची चांगली गोटी चाळिशीच्या पुढे असते. नव्या गोटीवर कोरलेलं 'क्रोम व्हॅनेडियम' खोटं होतं की खरं, हे या आकड्यावरून ठरत नाही. मिश्रधातू बरोबर असूनही पाणी नीट चढवलं नसेल तर हाच आकडा येतो. पेटीवरच्या त्या दोन शब्दांवर किती विसंबायचं ते मात्र यावरून कळलं.

गोणीची परीक्षा

धुतलेला रॅचेट पुन्हा जुळवला, आत इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडले आणि भार लावून बघायचं ठरवलं. व्हाइसमध्ये 24 चा बोल्ट पक्का धरला. रॅचेट आडवा, जमिनीला समांतर. दांड्यावर पाईप, आणि चौकाच्या मध्यापासून बरोबर 50 सेंटिमीटरवर दोरीची खूण.

त्या खुणेला आधी 25 किलोचं वजन टांगलं, म्हणजे सुमारे 123 न्यूटन-मीटर. रॅचेटने धरलं. मग 50 किलोची सिमेंटची गोणी, म्हणजे 245. दोन सेकंद थांबला आणि कट्. गोणी खाली आली. गोणी जमिनीपासून चार बोटंच उंच ठेवली होती आणि पाईपच्या वाटेत कुणीही उभं नव्हतं. ही परीक्षा करणाऱ्याने या दोन गोष्टी पाळल्याच पाहिजेत.

म्हणजे साफ केल्यावरही हा रॅचेट 245 ला टिकत नव्हता. कारच्या चाकाचे नट साधारण 100 ते 120 न्यूटन-मीटरला आवळतात, आणि गंजलेला नट उघडताना त्याहून बराच जास्त जोर मागतो. ट्रॉलीच्या कामाला हा रॅचेट कधीच पुरा पडणार नव्हता.

समोर असलेले पर्याय

परदेशी मेकचा पूर्ण सेट 14,000 रुपयांना मिळत होता. दुकानदार हप्त्याने द्यायला तयार होता, पण हंगामाच्या मध्यात हप्ता डोक्यावर घ्यायला मालकाची तयारी नव्हती, आणि त्या सेटमधल्या निम्म्या मापांना गॅरेजमध्ये वर्षभर हात लागला नसता.

पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन वापरलेला माल शोधायचा, हे मला फार आवडणारं काम आहे. बुधवारी किंवा रविवारी गेलं की मातीत पसरलेल्या ढिगात तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे, गंजलेले पण अस्सल पाने सापडतात. गोट्या आणि रिंग पान्यांसाठी हा उत्तम मार्ग आहे. जुन्या रॅचेटसाठी मी तो सुचवला नाही. झिजलेला कुत्ता बाहेरून दिसत नाही आणि त्याचे सुटे भाग मिळतीलच असं नाही.

तिसरा पर्याय भारतीय मेकचे सुटे नग घेण्याचा. टपारियाचा कारखाना आपल्या नाशिकलाच आहे आणि जालंधर-लुधियानाकडचा माल तालुक्याच्या दुकानातही येतो. सुटा नग घेताना प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघता येते, आणि उद्या 17 ची गोटी हरवली तर तेवढी एकच आणता येते.

चौथा पर्याय पैसे न खर्चण्याचा. आहे तोच रॅचेट ठेवायचा, पण नट मोडायचं, म्हणजे घट्ट धरलेला नट पहिल्यांदा हलवायचं, काम त्याच्याकडून काढून घ्यायचं.

काय केलं

शेवटी तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायाची जोड घातली. मी आधी त्याला वहीत महिन्याभराच्या कामांची मापं लिहायला लावली. 24 नगांच्या सेटमधली सहाच मापं पुन्हा पुन्हा येत होती: 13, 14, 17, 19, 22, 24. जोराचं जवळजवळ सगळं काम त्यातल्या शेवटच्या चारांवर होतं.

मग मिरजेला एका हत्यारांच्या दुकानात गेलो. माझ्या विद्यार्थ्याच्या खिशात एम-10 चा कोरा बोल्ट आणि एम-16 चा कोरा नट होता, म्हणजे 17 आणि 24 ची मापं. प्रत्येक गोटी त्या नटावर घालून हलवून पाहिली. एका मेकची 24 ची गोटी नटावर एवढी डुगडुगत होती की कोपऱ्यांनाच धरेल असं दिसत होतं. अशी गोटी नट गोल करते. गोटीच्या तोंडात बघून भिंतीची जाडी चहूबाजूंनी सारखी आहे का हे तपासलं. एका नगाचं भोक उघड उघड एका अंगाला गेलेलं होतं. आणि बारा कोनी सोडून सहा कोनी गोट्याच घेतल्या, कारण गंजलेल्या नटाच्या कोपऱ्यांपासून दूर, सपाट बाजूवर त्या जोर देतात.

रॅचेटला दुकानात जास्त वेळ दिला. चौकावर गोटी चढवायची, दोन बोटांनी ती अलगद धरायची आणि हँडल उलटं फिरवायचं. गोटी बोटांतून फिरायला लागली तर ढिला झालेला नटही असाच मागे-पुढे फिरत राहील आणि उघडणारच नाही. मग गोटी घट्ट धरून हँडल दोन्हीकडे हलवायचं आणि मोकळा खेळ किती आहे ते बघायचं. दिशा बदलायची पट्टी अंगठ्याचा ओझरता धक्का लागून उलटते का, हेही. आणि मागचं कव्हर स्क्रूचं किंवा सर्कलिपचं आहे का, आत कुत्ता-स्प्रिंगचा सुटा किट मिळतो का, हे दुकानदाराला विचारायचं. ज्या मेकचा किट काउंटरच्या खणातून निघाला, तिथे आमचं मन बसलं.

इथे एक मतभेद झाला. त्याच मेकमध्ये 24 दातांचा आणि 72 दातांचा असे दोन रॅचेट होते. मी 24 चा घे म्हणत होतो. दात मोठे, मातीतही बसतात, आवाज राकट पण भरवशाचा. तो म्हणाला, "सर, ट्रॉलीखाली हात फिरवायला जागाच नसते." चोवीस दातांना पुढचा दात पकडायला 15 अंश फिरावं लागतं, बहात्तर दातांना 5. त्याने 72 चाच घेतला. त्याचं बरोबर होतं. मी अजून रॅचेटने नट मोडण्याच्याच हिशेबाने बोलत होतो, आणि ते काम आता रॅचेटकडे राहणारच नव्हतं.

ते काम दोन फुटी ब्रेकर बारला दिलं. तिच्यात दात नाहीत, कुत्ता नाही, नुसता सरळसोट दांडा आणि पिनेवर हलणारा चौक. खर्च असा झाला: रॅचेट 1,150, ब्रेकर बार 950, सहा गोट्या मिळून 1,080. एकूण 3,180 रुपये. बिल पक्कं घेतलं, आणि भाराची परीक्षा करणार आहोत, निसटला तर परत आणू, हे दुकानदाराला आधीच सांगितलं. तो थोडा कुरकुरला, पण हो म्हणाला.

गॅरेजवर आल्यावर तोच व्हाइस, तीच गोणी. नव्या रॅचेटने 50 सेंटिमीटरवर गोणी धरली. दहा मिनिटं टांगून ठेवली तरी हलला नाही. 75 वर सरकवून 370 च्या आसपास नेली, तिथेही धरली. कव्हर उघडून कुत्त्याचे दात पुन्हा भिंगाखाली घेतले. चमक सगळ्या दातांवर सारखी होती.

जुना सेट टाकला नाही. पाव इंची 46 नगांची पेटी बॅटरीच्या टर्मिनलला, कव्हरच्या बोल्टांना, डॅशबोर्डच्या कामाला उत्तम चालते आहे. तिथे जोर मनगटाचा, तेवढा ती सोसते. 640 रुपयांत ते काम ती नेकीने करते, आणि स्वस्त म्हणून तिला नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. अर्धा इंची सेटच्या गोट्यांवर तांबडा रंग मारला. ढिले नट भराभर काढायला त्या वापरायच्या, ब्रेकर बारवर कधीच चढवायच्या नाहीत.

परिणाम

हंगाम मार्चच्या मध्याला संपला. तोवर रॅचेट एकदाही निसटला नाही. मालकाच्या वहीप्रमाणे अपघातापूर्वीच्या दोन महिन्यांत 11 नट गोल होऊन छिन्नीने किंवा गॅसने कापावे लागले होते. नंतरच्या तीन महिन्यांत दोन. याचं मोठं श्रेय मी सहा कोनी गोट्यांना देतो.

एक नुकसानही झालं. फेब्रुवारीत ब्रेकर बारच्या जोरावर एक यू-बोल्टच पिळून तुटला. पूर्वी रॅचेट आधी हार मानायचा, आता हत्यार टिकतं आणि बोल्ट जातो. तेव्हापासून गंजलेल्या नटाला तेल सोडून अर्धा तास थांबायचं, तरी न हलल्यास गॅसने तापवायचं, आणि मगच बार लावायची, असा क्रम ठरला आहे. उसाची ट्रॉली उभी असताना तो अर्धा तास मागून घेणं मालकाला अजून जड जातं.

पोरगा सतरा दिवसांनी कामावर आला. बोट पूर्ण मिटतं, पण थंडीत सकाळी आखडतं. पहिल्या आठवड्यात तो कुठलाही पाना ओढताना तोंड फिरवून घ्यायचा. मालक त्याला ओरडला नाही, त्याने शेजारी उभं राहून ओढायची पद्धत शिकवली: पाना ढकलायचा नाही, आपल्याकडे ओढायचा, एक पाय मागे रोवायचा, आणि 'हे आत्ता निसटलं तर माझा हात कुठे जाईल' ती जागा आधी बघून ठेवायची.

वेगळं काय करता आलं असतं

गोणीची परीक्षा सेट आला त्याच दिवशी झाली असती तर परत करायची मुदत हातात होती. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, त्याच संध्याकाळी व्हाइसवर अर्धा तास घालवला असता तर रॅचेट परत गेला असता. अपघाताच्या दिवसापर्यंत मुदत केव्हाच उलटली होती.

हेल्परला 'कुठलं हत्यार कशासाठी' हे कुणी सांगितलं नव्हतं. पेटीत ब्रेकर बारच नव्हती, तेव्हा त्याने पाईप शोधला यात त्याचा दोष मला दिसत नाही.

आणि माझा भाग. दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये मी रॅचेटचं चित्र काढून घेतो, भागांची नावं पाठ करून घेतो, चांगल्या मेकची नावं सांगतो. पण दुकानाच्या काउंटरवर उभं राहून हत्यार कसं पारखायचं, हे मी शिकवलेलं नव्हतं. त्याने सेटचा फोटो पाठवला तेव्हा "उघडून बघ, भार लावून बघ" हे पाच शब्द लिहायचे होते. मी "छान" लिहिलं.

तो निसटलेला रॅचेट मी मागून घेतला आहे. कव्हर काढलेल्या अवस्थेत, वळलेल्या दातांचा कुत्ता बाजूला ठेवून, तो आता आमच्या वर्कशॉपमध्ये पहिल्या बाकावर असतो. यंदाच्या बॅचला पहिल्या महिन्यातच भिंग देऊन विचारलं, यातले किती दात काम करत होते? सोळा जणांपैकी सहा जणांनी बरोबर सांगितलं. बाकीच्यांनी नुसतं क्रोमकडे बघून "पाचही" असं लिहिलं होतं. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बाकाशी बसवलं.